आठाच्या जागी तीन

"बोला, काय दुखतंय?"

रोज सकाळी पावणेदहाला आमच्या ऑफिसात हा प्रश्न ऐकू यायचा, आणि तो विचारलेला असायचा एका कॉम्प्युटरला. विचारणारे गृहस्थ, आमचे काका, चपला टेबलाखाली सारत, कॉम्प्युटरच्या पिवळट पडलेल्या पेटीवर तळहात टेकवत आणि शर्टाच्या खिशातून एक काळी फ्लॉपी काढून फटीत सरकवत. घरघर सुरू व्हायची. निळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उतरू लागायच्या. मेमरी, पास. डिस्क, पास. कीबोर्डची पाळी आली की प्रत्येक बटण एकदा दाबावं लागे. ते काम काका दहाही बोटांनी, तबला वाजवल्यासारखं उरकत. शेवटी स्पीकरची तपासणी. पेटीतून चार सुरांची पिपाणी वाजली की ऑफिसातले लोक घड्याळ न बघता चहा सांगत.

मग काका खुर्चीत रेलून जाहीर करत, "ठणठणीत आहे. आता मातीकडे बघू."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. नवीन काही येऊ देत नाही, जुनं काही टाकू देत नाही, आणि त्याचं टेबल हलवायचा विषय निघाला की सगळे दुसऱ्या विषयाकडे वळतात. आमच्याकडे ते काका होते.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर आमचा गाळा आहे. काम खोदाईचं. इमारत उभी राहण्याआधी जमीन सपाट करायची, तळघरासाठी खड्डा घ्यायचा, निघालेली माती डंपरने बाहेर न्यायची. मी तिथे बाकीचं सगळं बघते: हजेरी, पत्रव्यवहार, डिझेल, डंपरच्या फेऱ्या, कुठल्या ड्रायव्हरचं लायसन्स कधी संपतंय. याद्या केल्याशिवाय मला सुचत नाही. रोजची वेगळी, आठवड्याची वेगळी, आणि एक कायमची, जी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. काकांनी पहिल्याच आठवड्यात माझं बारसं करून टाकलं.

"काय यादीबाई, आज यादीत मी कितवा?"

"सातवे. डिझेलनंतर, झेरॉक्सच्या आधी."

"बरा नंबर लागला गो."

काकांचं घराणं मालवणकडचं. वडील गिरणीत होते. काका इथेच जन्मले, इथेच शिकले, पण थट्टेत आणि रागात त्यांचा तो 'गो' बाहेर यायचाच.

त्यांचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जमीन कधीच सपाट नसते. सर्व्हेवाले प्लॉटवर दहा-दहा मीटरचे चौकोन आखतात आणि प्रत्येक कोपऱ्यावर जमिनीची उंची मोजतात. त्या आकड्याला लेव्हल म्हणतात. नकाशावर अशा पाचसहाशे लेव्हल असतात, मुंगीएवढ्या अक्षरात. बेचाळीस पॉइंट पंच्याऐंशी, बेचाळीस पॉइंट साठ. काका त्या एकेक करून कॉम्प्युटरमध्ये टाकत. जमीन आज किती उंच आहे आणि शेवटी किती ठेवायची आहे, यावरून त्यांचा जुना प्रोग्राम सांगे की माती किती निघणार. निघालेली माती मोकळी झाली की फुगते, त्याचाही हिशेब त्यात होता. त्यावरून डंपर ठरत, दिवस ठरत, सगळंच ठरे.

"खड्ड्यातली माती परत खड्ड्यात मावत नाही, यादीबाई. एकदा बाहेर पडली की ती वेगळीच होते," असं ते सांगत आणि पुढे लगेच, "चहात साखर घाल," असंही सांगत.

हा प्रोग्राम मोठ्या साहेबांच्या, म्हणजे आताच्या साहेबांच्या वडिलांच्या, काळात दोन फ्लॉप्यांवर आला होता. तो नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. म्हणून जुना कॉम्प्युटर, म्हणून जुना प्रिंटर, आणि हे सगळं जिवंत ठेवायला तपासणीची ती काळी फ्लॉपी. सुटे भाग काका कुठून कुठून पैदा करत. त्यांच्या टेबलाखाली तीन मेलेले कॉम्प्युटर होते, अवयवदानासाठी.

त्यातल्या एका रिकाम्या पेटीची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. धाकटे साहेब शुद्ध शाकाहारी. ऑफिसात कुणी अंडं आणलं तरी त्यांना तीन टेबलांवरून कळतं. काका मात्र मरोळच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला दुपारीच जात, कारण त्यांच्या ठरलेल्या कोळणीकडे संध्याकाळपर्यंत चांगला माल उरत नसे. आणलेली मासळी घरी जाईपर्यंत ठेवायची कुठे? एकदा एसीचा मेकॅनिक आला, पान्याच्या शोधात काकांच्या टेबलाखाली वाकला आणि पेटीचं झाकण उघडून किंचाळला. आत तीन पिशव्यांमध्ये गुंडाळलेले बोंबील ओळीने उभे होते.

साहेब नाकाला रुमाल लावून आले. "काका, हे काय आहे?"

"हार्ड डिस्क," काका म्हणाले.

साहेबांनाही हसू आवरलं नाही. ते मोठ्या साहेबांच्या मांडीवर होते तेव्हापासून काका या ऑफिसात आहेत. त्यांना बोलायचं म्हणजे कसं, हे साहेबांना कधीच जमलं नाही.

पण मी याद्या करणारी बाई. लोकांच्या लक्षात येत नाहीत अशा गोष्टी माझ्या लक्षात येतात. काकांनी कधी रजा घेतली नाही. दिवाळीत चार दिवस ऑफिस बंद असे, तेव्हा ते पाचव्या दिवशी सर्वांत आधी हजर असत आणि वॉचमन मला हळूच सांगे, "काका पाडव्यालापण येऊन गेले हां. बंद बघून खाली बाकावर बसले थोडा वेळ." लग्न केलेलं नव्हतं. घाटकोपरला पूर्वी आईबरोबर राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. डबा स्वतः करत. जेवताना सगळ्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहत, दोन वाक्यं बोलत, आणि आपल्या टेबलाशी जाऊन पडद्याकडे बघत जेवत.

तपासणीतला एक प्रकार मला आवडायचा नाही. प्रिंटरची वायर जिथे लागते ते भोक ठीक आहे का, हे बघायला काकांनी स्वतः एक बूच बनवलं होतं. दोन पिना एकमेकींना तारेने जोडलेल्या. ते लावलं की कॉम्प्युटर जे बाहेर पाठवतो ते त्याच्याकडेच परत येतं. मी विचारलं, हे काय?

"स्वतःच बोलतो, स्वतःच ऐकतो. ऐकू आलं तर पास."

मी उठले. मला डिझेलची चलनं लावायची होती.

बोरिवलीला डोंगराच्या अंगाला एक प्लॉट होता, तिथून हे सुरू झालं. काकांनी मातीचा आकडा काढला, डंपर ठरले, काम सुरू झालं. दिवस संपले तरी खड्डा संपेना. साइटवरून इंजिनीअरचा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर होता, म्हणून सगळ्यांनी ऐकला.

"काका, वाट लागली इथे! तुमच्या हिशेबाने माती कधीच संपायला पाहिजे होती. साठ-सत्तर डंपर अजून निघतील."

"नीट मोजलंस का रे?"

"मी काय मोजणार, माती समोर पडलीय ना!"

काकांनी फोन ठेवला. ऑफिसात कुणीच मान वर केली नाही. काकांचा आकडा चुकतो हे कुणाला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे अशा वेळी तोंड कसं करायचं हेही ठाऊक नव्हतं.

"मशीन," काका म्हणाले. "मशीनमध्ये काहीतरी आहे."

त्या दिवसापासून तपासणी सकाळपुरती राहिली नाही. दुपारी एकदा, निघताना एकदा. मग त्यांनी मोठी तपासणी लावली, जी पुन्हा पुन्हा तेच तपासत राहते आणि थांबवेपर्यंत थांबत नाही. तीन दिवस तो पडदा चालू होता. पास, पास, पास. काका समोर हात बांधून बसलेले. चहा देताना मी म्हटलं, "बरं आहे ना काका, सगळं पास येतंय."

"काय बरं आहे त्यात?" ते एकदम म्हणाले. "एक तरी लाल ओळ येऊ दे."

मला तेव्हा कळलं की ही तपासणी आता उलटी चालली आहे. एवढी वर्षं हा माणूस मशीन चांगलं निघावं म्हणून तपासायचा. आता त्याला त्यात बिघाड हवा होता. मशीनचा बिघाड त्याला दुरुस्त करता येत होता.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मुलुंडलापण आकडा कमी आलाय, थोडा. तुम्ही जरा बघा ना. मी विचारलं तर त्यांना लागेल. नवीन सॉफ्टवेअरवाल्याला मी कधीपासून थांबवून ठेवलंय. ते सर्व्हेची फाइल सरळ उचलतं, हाताने टाकायला नको. पण मग काकांना काय काम देणार, यार?"

मी बघितलं. मला जे येतं तेच केलं. बोरिवलीचा नकाशा घेतला, काकांनी टाकलेल्या आकड्यांची प्रिंट घेतली आणि पट्टी ठेवून एकेक आकडा जुळवला. पाचशेहून जास्त लेव्हलमध्ये अकरा चुका निघाल्या. अकराच्या अकरा ठिकाणी नकाशावर आठ होता आणि काकांनी तीन टाकला होता. पंच्याऐंशीचे पस्तीस. एवढा फरक डोळ्याला खटकत नाही, पण कागदावर जमीन तिथे अर्धा मीटर खाली जाते आणि तेवढी माती हिशेबातून नाहीशी होते. एका आठामागे सहा डंपर.

मी ते अकरा आकडे नीट लिहिले, शेजारी बरोबर आकडे लिहिले आणि दुपारी सगळे खाली चहाला गेलेले असताना काकांच्या टेबलावर कागद ठेवला.

"काका, मशीन नाही. हे बघा."

त्यांनी कागद उचलला. आणि एक गोष्ट केली, जी ते कितीतरी महिने करत असणार आणि मी, सगळं लक्षात ठेवणारी, बघत असूनही बघितली नव्हती. त्यांनी मान कलती केली, कागद एका बाजूला धरला आणि जणू कागदाच्या शेजारी कुणी उभं आहे असं तिकडे बघत राहिले. बोलतानाही ते असेच समोरच्याच्या कानाकडे बघून बोलायचे. ऑफिसात नवीन आलेल्यांना वाटायचं, म्हातारा शिष्ट आहे.

"तूच वाच," ते म्हणाले.

"काका, डोळे दाखवलेत का?"

"दाखवले."

"मोतीबिंदू असेल तर एका दिवसात घरी सोडतात. मी चौकशी करते, अंधेरीला..."

"मोतीबिंदू नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "आतला पडदा झिजलाय, मधोमध. कडेचं दिसतं. मेट्रोचा जिना दिसतो, माणसं दिसतात, हा पंखा दिसतो. ज्याच्याकडे बघायला जावं तेवढंच नाही दिसत."

"औषध?"

"गोळ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, आहे ते जितकं टिकेल तितकं." मग त्यांचा आवाज खाली आला. "साहेबाला सांगू नको. आणि त्या तुझ्या यादीत टाकू नको. घरी बसून मी काय करू गो? तिथे तपासायला काय आहे?"

मला असल्या वेळी काय बोलावं ते सुचत नाही. काय करावं ते सुचतं. मी खुर्ची ओढली, मुलुंडचा नकाशा घेतला आणि म्हटलं, "मी वाचते, तुम्ही टाका."

पूर्वी हे काम असंच चालायचं, हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. एक वाचणारा, एक टाकणारा. त्यांच्या जोडीला एक ड्राफ्ट्समन होता. तो निवृत्त होऊन कुडाळला गेला, त्याच्या जागी कुणी घेतलं नाही, आणि काका एकटेच वाचायला आणि टाकायला लागले. वाचायचीही एक रीत असते. त्रेचाळीस, अठ्ठेचाळीस असं म्हणायचं नाही, घाईत कानाला सारखं लागतं. चार, आठ, पॉइंट, तीन, पाच, असं सुटं म्हणायचं. टाकणाऱ्याने "हं" म्हटल्याशिवाय पुढचा आकडा द्यायचा नाही. रांग संपली की "रांग" म्हणायचं.

तेव्हापासून रोज तीन ते चार आमचं वाचन चालू झालं. ऑफिसात मी सांगितलं, मला हे काम शिकायचंय. कुणाला काही वाटलं नाही. मी कधी ना कधी सगळ्यांचंच काम शिकून घेते. काकांना कीबोर्ड बघावा लागत नव्हता, बोटांना सगळं पाठ होतं. मला फक्त वाचायचं होतं.

"चार, दोन, पॉइंट, आठ, पाच."

"हं."

"चार, दोन, पॉइंट, सहा, शून्य."

"हं. इथे नाला असणार."

"नकाशात नाला नाही दाखवलेला, काका."

"नसू दे. लेव्हल सांगतेय ना. पुढे बघ, अजून उतरेल."

आणि उतरायचं. नुसते आकडे ऐकून त्यांना जमीन दिसायची. इथे कुणीतरी आधी भराव टाकलाय, इथे मोठं झाड असणार, इथे शेजारच्याने भिंत पुढे घेतलीय. गोराईच्या एका प्लॉटच्या लेव्हल वाचताना ते मध्येच म्हणाले, "हे शेत होतं. बघ कसं पायरीपायरीने चाललंय. भाताचं." मी वाचायची थांबले, तर लगेच, "थांबू नको गो, लय तुटते."

ते वर्ष चांगलं गेलं. आकडे बरोबर येत होते. साहेबांनी नव्या सॉफ्टवेअरवाल्याला आणखी पुढे ढकललं. काका जेवणाचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी बसायला लागले. मलाही तो एक तास बरा वाटायचा हे मान्य करते. मुलगा शिकायला बाहेर, नवऱ्याची फिरतीची नोकरी. दिवसभर मी लोकांना कामं सांगत असते. तासभर कुणाला फक्त आकडे सांगायचे आणि पलीकडून "हं" ऐकायचं, हे सुख मला नवीन होतं.

मग चिपळूणला आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. मी बारा दिवसांची रजा घेतली. निघायच्या आदल्या दिवशी बसून यादी केली: माझ्या मागे कोण काय बघेल. चौतीस कामं होती. चाव्या, डिझेल, पाण्याचे जार, कुठल्या ड्रायव्हरला किती वाजता फोन करायचा. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव. यादी सगळ्यांना वाटली, एक दाराला लावली. तीन ते चारचं काम त्यात नव्हतं. ते यादीत टाकायचं नाही असं ठरलेलं होतं.

"तसं काही येत नाहीये पंधरा दिवस," काका म्हणाले होते. "तू आईकडे बघ."

चिपळूणहून मी रोज ऑफिसला फोन करायची. काकांशी शेवटी बोलणं व्हायचं.

"काम आलं का काही, काका?"

"काही नाही. बसलोय माशा मारत. आई जेवली का?"

दहाव्या दिवशी फोनवर काका नव्हते. लवकर गेले म्हणून सांगितलं, पुढचे दोन दिवसही तेच. मी बारा दिवसांनी परतले तर त्यांचं टेबल रिकामं होतं. कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं आवरण घातलेलं, टेबलाखालच्या तिन्ही पेट्या भिंतीला लावून ठेवलेल्या.

साहेबांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"तुम्ही गेलात आणि सहा दिवसांनी मुलुंडच्या एका नव्या प्लॉटचं टेंडर आलं. पाच दिवसांत भरायचं होतं. मी काकांना म्हटलं, जमेल ना? म्हणाले, जमेल. तीन दिवस बसले ते. डोळ्याला भिंग लावून. मी विचारलं, काका, भिंग कशाला? तर म्हणाले, अक्षर बारीक आहे." साहेब जरा थांबले. "चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी ती तपासणी केली. प्रिंट काढली. केबिनमध्ये आले आणि माझ्यासमोर ठेवली. मला वाटलं, मशीन कसं चांगलंय ते दाखवायला आलेत. मी म्हटलं, अरे वा काका, सगळं पास! तर म्हणाले, म्हणूनच आलोय. मशीन ठीक आहे. माझे आकडे पाठवू नको."

"आणि?"

"आणि काय? सगळं सांगितलं त्यांनी. डोळ्यांचं, तुम्ही वाचता ते. म्हणाले, बाईला काही बोलायचं नाही. आणि चावी ठेवून गेले. मी मागे धावलो ना जिन्यापर्यंत. मला म्हणतात, तुझ्या वडिलांना मी कधी चुकीचा आकडा दिला नाही."

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. "मला बोलले असते तर मीच वाचलं असतं, यार. त्यात काय होतं?"

मला माझी दाराला लावलेली यादी आठवली. त्या यादीत चौतीस कामं होती आणि पस्तिसावं लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. साहेबांचं नाव त्यापुढे लिहायला आणखी अर्धं.

काकांना भेटायला जायचं, हे मी त्या आठवड्याच्या यादीत लिहिलं. आठवडा संपला, मी ते पुढच्या यादीत घेतलं. मग त्याच्या पुढच्या. पाच याद्यांमध्ये ते काम पुढे सरकत राहिलं. माझ्याकडून असं कधी होत नाही. सहाव्या रविवारी दुपारी मी घाटकोपरला गेले.

तिसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. दार उघडून काका माझ्या कानाकडे बघत उभे राहिले. चेहरा कोराच होता.

"काका, मी."

"यादीबाई!" सगळा चेहरा हलला. "ये, ये. आई कशी आहे?"

"काठी घेऊन चालते."

खोली स्वच्छ होती. प्रत्येक वस्तू जागच्या जागी, आणि दोन वस्तूंमध्ये बोटभर अंतर. त्यांनी चहा केला. मी उठले तर "बस गो" म्हणून दटावलं. कपाच्या आत बोटाचं टोक धरून चहा ओतला आणि बोटाला लागला तसा थांबवला. साखर मात्र विसरले. मी तसाच प्यायले.

"आता कोण टाकतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. लॅपटॉप आलाय. फाइल उचलतो."

"बरोबर येतात आकडे?"

"येतात."

"हं," काका म्हणाले. आकडा दिल्यावर म्हणायचे तसंच.

मग मी विचारलंच. "मी रोज फोन करत होते ना, काका. काम आलंय म्हणून सांगायचं होतंत. नकाशाचा फोटो मागवून फोनवर वाचला असता मी."

"हॉस्पिटलात? आईच्या खाटेशी बसून?"

"हो."

"तू वाचलाच असतास. म्हणून नाही सांगितलं."

काकांनी माझा रिकामा कप चाचपून उचलला. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. काका मन लावून ऐकत होते. "प्लगमध्ये कचरा आहे," ते म्हणाले. मग त्यांनी दिवस कसा जातो ते सांगितलं. सकाळी बागेत दोन फेऱ्या. दुपारी रेडिओ. शेजारच्या बाई पेपरातले मथळे वाचून दाखवतात, पण फार भरभर वाचतात, थांबत नाहीत. हे सांगताना ते हसले. साहेब दोनदा येऊन गेले होते. काही लागलं तर सांगा म्हणाले होते. "पण त्याला बसता येत नाही गो इथे. उभाच राहतो."

ऊन उतरलं तशी मी उठले. काका दारापर्यंत आले आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्यावरून पलीकडे, बघून म्हणाले, "नवीन चष्मा का? चांगला दिसतो."

माझा चष्मा चार वर्षांपूर्वीचा होता.

"हो," मी म्हटलं. "गेल्याच महिन्यात केला."

"बघितल्या बघितल्या ओळखलं मी. थांब, खिडकीतून हात करतो. तू खाली जा."

मी जिने उतरून फाटकाबाहेर आले आणि उजवीकडे वळून थांबले. इमारतीत एकेक दिवा लागत होता. तिसऱ्या मजल्यावरची त्यांची खिडकी अंधारी होती, आणि तिच्यात काका उभे होते. त्यांनी हात वर केला आणि हलवायला लागले.

पण ते माझ्याकडे बघत नव्हते. गल्लीच्या डाव्या बाजूला, भाजीवाल्याच्या पुढे, एक बाई खांद्याला पिशवी लावून चालली होती. साधारण माझ्याच उंचीची. काका तिला हात करत होते. ती बाई वर न बघता चालत राहिली, कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. काकांचा हात चालूच होता.

हाक मारता आली असती. तीन मजले म्हणजे काही फार नाही, आणि माझा आवाज मोठा आहे. मी हाक मारली नाही. मी झपाझप गल्ली ओलांडली, भाजीवाल्याच्या पुढे गेले, ती बाई जिथे दिसत होती तिथे जाऊन उभी राहिले आणि वर तोंड करून हात हलवला. भाजीवाला माझ्याकडे बघत होता. मी हलवत राहिले.

काकांचा हात खाली आला. मग खिडकी आतून बंद झाली.